लॉनी मार्शचा शोध

१ सप्टेंबर २००६, शुक्रवार

चौदा नोव्हेंबर. मंगळवार. तारीख पक्की झाली.

गाठ साधी आहे, पण जागा वाईट आहे — डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डाव्या कानाच्या नसेवर बसली आहे आणि वाढत वाढत मेंदूला टेकली आहे. काढायलाच हवी. गाठीबरोबर नसही जाईल. उजवा कान सातव्या वर्षी गोवरात गेला. म्हणजे उरलं काय ते उघड आहे. नंतर थोडंफार तरी ऐकू येईल का, विचारलं. नाही, म्हणाल्या. बाई चांगली आहे. आडवळणं घेतली नाहीत.

येताना गाडी लुटगार्डने चालवली. टेम्से गावाजवळच्या पुलावर म्हणाली, "चला, माझ्या घोरण्यातून तरी सुटलास." 

३ सप्टेंबर, रविवार

दहा आठवडे. काय काय ऐकून घ्यायचं त्याची यादी करायला बसलो. लुटगार्डचा आवाज, असं लिहिलं. खाली लॉनी मार्श लिहिलं. तिसरं काही सुचेना. कागद फाडून टाकला. तिच्या हाती लागला असता तर दुसऱ्या नावावरून आठवडाभर ऐकवलं असतं.

लॉनी मार्शचं एकच गाणं माझ्याकडे आहे. तेही अर्धं. मे चौऱ्याहत्तर, रविवारची दुपार, गावाबाहेरचा नाचाचा हॉल. आमचा डीजे स्ताफ रेकॉर्ड लावत होता. मी बिअरच्या रिकाम्या क्रेटवर कॅसेट रेकॉर्डर ठेवला होता. गाणं सुरू होऊन दीड मिनिट झालं आणि कॅसेटची बाजू संपली. खट्. स्ताफने ते त्या वसंतात चार-पाच वेळाच लावलं. शेवट कानावर पडलाही असेल. पण नाचणारा माणूस शेवट ऐकत नाही, पुढची जोडीदार कुठे आहे ते बघतो. मी सव्वीस वर्षांचा होतो.

पुरुषाचा आवाज. जड, वय झालेला, कसलीच घाई नसलेला. पोर्चमधला दिवा राहू दे, म्हणतो. उशीर झाला तरी दिवा राहू दे.

बत्तीस वर्षं या माणसाला शोधतो आहे. तो घरी पोचला की नाही तेही मला माहीत नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

नाव खोटं आहे हे पहिल्यापासून माहीत होतं. आमच्याकडे एखादी चांगली रेकॉर्ड सापडली की तिच्या लेबलवर कागद चिकटवायचा आणि त्यावर मनाला येईल ते नाव लिहायचं. नाहीतर पुढच्या रविवारी शेजारच्या गावचा डीजे तीच लावतो आणि आपली माणसं तिकडे जातात. 'लॉनी मार्श' हे स्ताफच्या अक्षरात, तिरकं, हिरव्या शाईत. खरं नाव त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

एक्याऐंशीत तो गेला. सायकलवरून पडला, डोक्याला लागलं. दोन-तीन महिन्यांनी मी त्याची रेकॉर्डची पेटी विकत घ्यायला गेलो. मारिएटने — त्याच्या बायकोने — कॉफी दिली, तांदळाच्या खिरीचा टार्ट दिला, आणि अभिमानाने झाकण उघडलं. ते सगळे घाणेरडे कागद मी भिजवून काढले बरं का, म्हणाली, बघा कशा लखलखतात आता!

त्रेचाळीस रेकॉर्ड. एकीवरही कागद नाही. मी काय बोलणार? नवरा गेलेली बाई. छान केलंत, म्हणालो.

घरी येऊन त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लावल्या, दोन्ही बाजू. तीन दिवस लागले. लॉनी त्यात नव्हता. स्ताफने ती आधीच कुणाला तरी देऊन टाकली असणार, नाहीतर फुटली असणार. तेव्हापासून असंच धरून चाललोय.

१० सप्टेंबर, रविवार

हॉलवर गेलो. तीच माणसं, गुडघे नवे. तिघांनी तर खरोखरच नवे बसवून घेतलेत. डीजेने सगळं आपल्या पद्धतीने, हळू लावलं. अमेरिकेतून आलं तसं लावलं तर आमचे पाय अडखळतात. वेगाचं बटण जरा खाली ओढायचं. गाणं किंचित जड होतं, मग त्यात माणसाला जागा मिळते. इंग्रज यालाच हसतात. त्यांना वेग लागतो. ते घामाघूम होईपर्यंत नाचतात आणि त्याला मजा म्हणतात.

तारखेची बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळे डाव्या बाजूला येऊन मोठ्याने बोलत होते. एकजण म्हणाला, लॉनी आता ऐंशीचा असेल, तोही बहिरा झाला असेल, शोभून दिसाल दोघं. सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं. गेला आठवडाभर कुणी माझी चेष्टा केली नव्हती.

लुटगार्डबरोबर दोनदा नाचलो. तोल जातो. तिने धरून ठेवलं आणि तसं दाखवलं नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

रेकॉर्डचा मेळा. सकाळी सात ते दुपारी एक, पाय सुजले. खोक्यामागून खोकी. दोन बोटांनी रेकॉर्ड पुढे ढकलत जायचं. डोळे नाव वाचतात, मन वाचत नाही, आणि ओळखीचं काही आलं की हात आपोआप थांबतो. आज थांबला नाही.

एका नव्या विक्रेत्याने विचारलं, काका, नेमकं काय हवंय? सांगितलं. साठ-पासष्टच्या आसपासची, पुरुष गायक, वय झालेला आवाज, ट्रम्पेट, मागे दोन बायका. म्हणाला, असे हजार आहेत. मीही हेच म्हणतो.

किती पत्रं लिहिली! मेम्फिस, डेट्रॉइट, शिकागो. रेडिओ स्टेशनं, वादकांच्या संघटना, रेकॉर्ड छापणारे कारखाने. स्ताफ आळशी होता, गाण्याचं नाव खोटं आणि माणसाचं खरं असंही असेल — म्हणून सगळ्या लॉनी मार्शांना पत्रं. अलाबामातल्या एका खाटकाने उत्तर दिलं: मी गात नाही, पण तुमच्या कामाला यश येवो. दर नाताळला त्याचं कार्ड येतं. एकोणीस वर्षं झाली.

२० सप्टेंबर, बुधवार

ओडिलॉनकडे गेलो. सकाळची पावाची भट्टी उतरवून दारात पाईप ओढत बसला होता. गावच्या बँडमध्ये तो चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवतोय. पावापेक्षा ट्रम्पेट बरा, असं गाव म्हणतं.

कॅसेट त्याच्या हातात दिली. हे सगळं कागदावर उतरवून दे, म्हणालो. गाणं, ट्रम्पेट, मागच्या बायका, सगळं. नंतर मला निदान वाचता येईल.

त्याने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "नोटेशन वाचता येतं तुला?"

"शिकेन."

"अठ्ठावन्नव्या वर्षी."

"वेळ भरपूर मिळणार आहे, ओडिलॉन."

तो उठला. आत गेला आणि दोन पाव कागदात बांधून आणले.

२७ सप्टेंबर

कानात शिट्टी. दिवसभर.

१ ऑक्टोबर, रविवार

फोनवरचे शब्द आता कळत नाहीत. सूर कळतात. आमची नीले ब्रसेल्सहून बोलत होती. पोरगी रडवेली आहे एवढं समजलं, का ते लुटगार्डने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या — आधी शब्द जातील, मग बाकीचं.

टेप अजून स्पष्ट ऐकू येते. की आठवते? सांगता येत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

ओडिलॉन आला. बाहीला पीठ, काखेत ट्रम्पेटची पेटी. खुर्चीत बसलाही नाही. हे वाजत नाही, म्हणाला.

अवघड आहे का, विचारलं. अवघड असतं तर मी वाजवलं असतं, म्हणाला, हे नाहीच आहे. मग टेपमधली ती जागा लावायला लावली, जिथे ट्रम्पेट एकटा खाली उतरतो. आपला ट्रम्पेट काढला आणि सोबत वाजवत उतरला. टेपमधला पुढे खाली गेला, हा अडला.

मी म्हटलं, ट्रॉम्बोन असेल.

"ट्रॉम्बोन हाताने सरकवतात. हे बोटांनी वाजवलंय, भराभर बटणं दाबून. कान गेला तुझा, माझा नाही." मग जीभ चावली. मी हात हलवला, बोल पुढे. "हे बघ फिर्मिन, विहिरीला तळ असतो. हा माणूस तळाच्या खालचं पाणी उपसतोय. असा ट्रम्पेट कुणी बनवलेला नाही. एकतर ट्रम्पेट खोटा, नाहीतर तुझी कॅसेट खोटी."

मग शांतपणे म्हणाला, मी हे सगळं जवळजवळ दोन स्वर वर नेऊन पाहिलं. वर नेलं की चपखल बसतं. प्रत्येक जागा. शाळेतल्या पोरालाही वाजवता येईल.

तो गेला. मी बसून राहिलो. दोन स्वर.

९ ऑक्टोबर, सोमवार

आम्ही बटण थोडंसं खाली ओढतो. सगळेच ओढतात. तेवढी सूट मी बत्तीस वर्षं मनात धरूनच ऐकत आलो. पण थोडंसं ओढून आवाज दोन स्वर खाली येत नाही. त्यासाठी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड तेहेतीसवर लावावी लागते आणि मग बटण पार वर ढकलावं लागतं.

बाकीच्यांनी कागद लावून नाव लपवलं. स्ताफने आवाजच लपवला. आणि जो दुसरा आवाज निघाला त्याला नाव देऊन मोकळा झाला.

जुन्या कॅसेट डेकच्या मोटरला वेगाचा एक स्क्रू असतो. सकाळी ओडिलॉनला बोलावून घेतलं. मी स्क्रू फिरवत होतो, तो ट्रम्पेट ओठांना लावून सूर तपासत होता. "अजून. अजून. थांब."

टेपवर आलेलं हॉलमधलं आमचं हसणं बदकांच्या कलकलाटासारखं झालं. आणि त्या कलकलाटातून गाणं सरळ होऊन वर आलं. वेगळंच. चुणचुणीत. उड्या मारणारं.

मुलगी गात होती. पंधरा-सोळा वर्षांची.

ओडिलॉनने ट्रम्पेट खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो तेवढ्यात लुटगार्ड स्वयंपाकघरातून आली. हातात बटाटा सोलायची सुरी.

"ही तर इस्त्रीवाली," म्हणाली.

काय, विचारलं.

"इस्त्रीवाली रे. ब्याऐंशीचा हिवाळा, नीलेच्या वेळी मला दिवस होते. तू कामाला गेलास की मी ही लावून इस्त्री करायचे. आपल्याकडे होती. तू त्या इंग्रजाला विकलीस. मी म्हणाले होते, ठेव."

१० ऑक्टोबर, मंगळवार

स्ताफच्या पेटीत होती. माझ्या हातात होती. मी ती बरोबर वेगाने लावली, म्हणून ओळखली नाही.

इंग्रजांच्या कामाची, असं म्हणून बाजूला काढली होती. लुटगार्डला विचारलं, नाव आठवतं का? इस्त्री करताना नाव कोण वाचतं, म्हणाली.

जेवण गेलं नाही. संध्याकाळी एकदम हसू फुटलं. मग ती पण हसायला लागली.

११ ऑक्टोबर, बुधवार

तो इंग्रज म्हणजे बर्न्लीचा डीजे क्लिफर्ड एन्टविसल. त्या काळी दर उन्हाळ्यात गाडी घेऊन यायचा, आम्हाला नको असलेल्या सगळ्या वेगवान रेकॉर्ड गोळा करून न्यायचा. लुटगार्डने फोन केला. तिचं इंग्रजी बंदरावरच्या कचेरीतलं, खणखणीत. मी शेजारी बसून तिचा चेहरा वाचत होतो.

त्याला आठवते! दोन वर्षं लावली म्हणे, बर्न्लीत लोक भिंतीवर चढायचे. अर्थात लेबलवर कागद लावून. त्याने नाव दिलं होतं 'द लार्कस्पर्स'. म्हणजे समुद्राच्या या बाजूला एक म्हातारा आणि त्या बाजूला मुलींची टोळी, आणि दोन्हीकडे तीच एक रेकॉर्ड. त्यानेही मागे काही वर्षं लॉनी मार्श शोधला होता. माझं पत्र वाचून.

घर बदललं, बायको वेगळी झाली, खोकी मुलीच्या गॅरेजमध्ये आहेत. शोधतो, म्हणाला.

१९ ऑक्टोबर

काही नाही. नोटेशनचे धडे. आज सा कुठे असतो ते समजलं. ओडिलॉनच्या मते मी गाढव आहे.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सापडली.

पोस्टाने पाठव म्हटलं तर नाही म्हणाला. पोस्टाने माणसं पाठवावीत, रेकॉर्ड नाही. चार तारखेला हल बंदरातून बोटीत बसतो, रविवारी सकाळी येतो.

लेबलवर काय लिहिलंय, लुटगार्डने विचारलं. ते फोनवर सांगणार नाही, म्हणाला. सवय! चोवीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते तारेवरून कसं सांगायचं? तेव्हा तिने त्याला चौदा तारखेचं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. कुणाला दया येऊन काही मिळालं तर मला ते चालणार नाही असं मी बजावलं होतं. तिने ऐकलं नाही. बरं केलं.

 मग लुटगार्ड एकेक अक्षर लिहायला लागली. मी उलट्या बाजूने वाचत होतो.

व्हर्लीन टॉलिव्हर. खाली गावाचं नाव: टोलेडो, ओहायो.

रात्री अंथरुणात ते नाव चार वेळा मोठ्याने म्हटलं. झोप आता, लुटगार्ड म्हणाली, नाहीतर मी तिकडे जाऊन झोपते.

५ नोव्हेंबर, रविवार

क्लिफर्ड आला. टक्कल पडलंय, डोळे तेच. रेकॉर्ड कोटाच्या आत, छातीशी. बोटीत झोपलो नाही म्हणाला, कुणी धक्का मारला तर?

लुटगार्डने ताजे पाव, चीज, कॉफी मांडली. कुणी हात लावेना. ओडिलॉन चर्चमधून परस्पर आला, बँडच्या गणवेशात.

क्लिफर्डने स्वतः लावली. पंचेचाळीसवर. मी डावा कान स्पीकरला टेकवून जमिनीवर बसलो.

मुलगी आहे. आवाज गोड, थोडा खालचा, हसत गाणारा. दोन मिनिटं आणि सहा सेकंद. माझी कॅसेट जिथे खट् करते ती जागा आली आणि गेली. पुढे एकदा ध्रुवपद. पुन्हा ध्रुवपद. आणि मग आवाज कमी कमी होत गेला आणि मिटला.

एवढंच. शेवट नाही. कुणीतरी आवाजाचं बटण खाली केलेलं आहे.

पुन्हा लाव, म्हटलं. तेच. मग तेहेतीसवर लावायला लावली, बटण पार वर. तो आला. जड, सावकाश. दिवा राहू दे, राहू दे, राहू दे — आणि तोही मिटला, जास्त वेळ घेऊन.

क्लिफर्डला ऐकवेना. "तुम्ही लोक गाण्याला झोपेच्या गोळ्या घालता," म्हणाला. ओडिलॉनने त्याला पाव वाढला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी दुपारभर भांडत होते. वेगावरून.

दोघंही हसत होते. मला त्यांचे आवाज बाहेर, अंगणात असल्यासारखे येत होते.

६ नोव्हेंबर, सोमवार

क्लिफर्ड गेला. रेकॉर्ड ठेवून गेला. नको म्हणालो तर म्हणाला, चौदापर्यंत तुझी, नंतर बघू.

मला काय होतंय ते लिहायला हवं. आनंद व्हायला पाहिजे. बत्तीस वर्षांनी रेकॉर्ड मिळाली, नाव मिळालं. पण जो माणूस मी ऐकत होतो तो कधी नव्हताच. त्याचा चेहरा मला माहीत होता. गळ्याशी मफलर, कामावरून परतणारा, लांबून पायी येणारा. ऐन तिशीत माझे फार वाईट दिवस होते तेव्हा मी त्याच्या वयाचा होण्याची वाट पाहत होतो. एका मोटरने केलेला माणूस.

मुलीचा काही दोष नाही. ती छान गाते.

लुटगार्ड हे सगळं ऐकून म्हणाली, मग तिलाच विचार ना, शेवट काय होता.

ती जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही, मी म्हणालो.

मी काय दहा दिवस इथे बटाटे सोलत होते का, ती म्हणाली. नाव मिळाल्यापासून कॉम्प्युटरवर बसून टोलेडोच्या चर्चांना एकामागून एक पत्रं पाठवत होती. मला बोलली नाही. आशा लावायची नव्हती.

९ नोव्हेंबर, गुरुवार

एका चर्चकडून उत्तर आलं. अशा बाई आमच्याकडे आहेत. नंबर देण्याआधी त्यांनाच विचारतो. तुम्ही कोण?

लुटगार्डने लिहिलं: इस्त्री करणारी.

मग खोडून नीट लिहिलं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

तिकडे सकाळचे अकरा, इकडे पाच. लुटगार्ड बोलत होती आणि चिठ्ठ्या लिहून माझ्याकडे सरकवत होती. चिठ्ठ्या इथे उतरवतो.

*काही विकायचं असेल तर आधीच सांगा म्हणते, गॅसवर भांडं आहे.*

*रेकॉर्डचं सांगितलं. विश्वास नाही. ती कुणी विकत घेतलीच नव्हती म्हणते, खोकी बापाच्या तळघरात भिजून गेली.*

*तू बत्तीस वर्षं शोधतोयस सांगितलं. म्हणते, माझा नवरा मला किराणा दुकानातही शोधायला येत नाही.*

रेकॉर्ड फोनजवळ धरून लावली. आधी पंचेचाळीसवर. *रडते आहे. नाही, हसते आहे. मागच्या दोघी तिच्या बहिणी. ती सोळाची. शनिवारी सकाळी गायल्या, दुपारच्या बसने घरी.*

मग तेहेतीसवर. 

*विचारते, हा कोण?*

तुम्हीच, असं सांग, म्हटलं. सगळं समजावून सांगितलं तिने. स्ताफ, कागद, वेग, मी. आणि मंगळवार. मी खूण केली होती, मंगळवारचं सांगू नको. तिने माझ्याकडे पाठ केली.

*शेवट होता. आणखी एक कडवं होतं. गाणं लांब होतंय म्हणून रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने आवाजाचं बटण खाली केलं. आम्ही गातच होतो म्हणते, त्याने हाताने थांबवेपर्यंत.*

कडवं काय, मी विचारलं. एवढ्या मोठ्याने, की टोलेडोला थेट ऐकू गेलं.

*आठवत नाही. बहिणीला आठवेल, क्लीव्हलंडला असते. विचारते. सोमवारी फोन करते म्हणाली. याच वेळेला.*

फोन ठेवल्यावर लुटगार्ड म्हणाली, तिचं बोलणं — आणि थांबली. काय, विचारलं. काही नाही, म्हणाली, सोमवारी बघ.

११ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरली. पायजमे, वही, तीन पेन्सिली. वही महत्त्वाची. आता आमचं सगळं बोलणं तीतच होणार.

रेकॉर्ड दोन्ही वेगांनी लावली. दोघंही आवडायला लागलेत. मुलगी जास्त शहाणी वाटते.

१२ नोव्हेंबर, रविवार

हॉलवर गेलो नाही. लुटगार्डला जुनं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. काहीही वाच, म्हटलं. तिने मासळीचे भाव वाचले, मग हवामान, मग मरण पावलेल्यांची नावं. शब्द अर्धे कळले. तासभर वाचत होती. घसा बसला तिचा.

१३ नोव्हेंबर, सोमवार

फोन आला. लुटगार्डने रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि वरच्या मजल्यावरच्या फोनवर वही घेऊन बसली. ट्रम्पेट नाही, बहिणी नाहीत, नुसती ती. एकोणसाठ वर्षांची. आवाज इतका उतरलाय की चर्चमध्ये गाताना हल्ली पुरुषांच्या रांगेत उभी करतात — हे नंतर वहीत वाचलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. ती गायला लागली, सावकाश, आणि दुसऱ्याच ओळीला मी खुर्चीची कड धरली. तोच होता. वय झालेला, जड, घाई नसलेला. माझा माणूस.

जिथे रेकॉर्ड मिटते तिथे ती थांबली नाही. वहीत उतरलेल्या शेवटच्या कडव्यात उजाडतं, आणि कुणीतरी आतून दार उघडतं.